हरवलेल्या तबकड्या आणि अलिखित संहिता : आफ्रिका व हिंदी महासागरातील ‘सोल’ ध्वनिमुद्रिकांचा पुनःशोध

आफ्रिका खंडात आणि त्याच्या भोवतालच्या बेटांवर साधारणतः १९६० ते १९८५ या काळात निघालेल्या व पुढे बाजारातून नाहीशा झालेल्या लोकप्रिय संगीताच्या ध्वनिमुद्रिका विसाव्या शतकाच्या अखेरीपासून युरोप-अमेरिकेत नव्याने प्रकाशित होऊ लागल्या. फ्रान्सिस फाल्सेतो यांनी संपादित केलेली ‘एतिओपिक’ ही मालिका, ‘नायजेरिया ७०’ (२००१) व ‘घाना साउंड्झ’ (२००२) ही संकलने आणि फ्रँकफर्टच्या ‘ॲनॅलॉग आफ्रिका’ या प्रकाशनसंस्थेचे ‘आफ्रिकन स्क्रीम कॉन्टेस्ट’ (२००८) हे या चळवळीचे ठळक टप्पे होत. संगीताच्या अभ्यासकांनी त्यांची दखल घेतली आहे. साहित्याच्या अभ्यासकांनी ती घ्यावी, असे म्हणण्याचे कारण वेगळे आहे. या पुनःशोधाने एक नवा गद्य कथनप्रकार जन्माला घातला आणि त्याच वेळी ज्या शब्दांवर ही गाणी उभी होती त्या शब्दांना बहुधा वेष्टनाबाहेर ठेवले. नाद वाचला, त्याची गोष्टही झाली. संहिता मात्र अलिखित राहिली.

‘सोल’ हे मुळात अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचे संगीत. चर्चमधील समूहगान आणि ‘ऱ्हिदम अँड ब्लूज’ यांच्या मिलाफातून ते घडले आणि १९६०च्या दशकात, विशेषतः जेम्स ब्राउन यांच्या तबकड्यांमधून, अटलांटिक ओलांडून आफ्रिकेत पोचले. हा प्रवास परतीचा होता, हे तौलनिक दृष्टीने महत्त्वाचे. गुलामांबरोबर गेलेली लय विजेच्या गिटारवर स्वार होऊन परत आली आणि येथे तिला तिची थोरली भावंडे भेटली. बेनिनमधील कोतोनू येथे १९६८ मध्ये मेलोमे क्लेमाँ यांनी स्थापन केलेल्या ‘पॉली-रिद्मो’ या वृंदाने सोलच्या अंगाने वाजवलेल्या गीतांत ‘सातो’ आणि ‘साकपाता’ या व्होदून उपासनेतील लयी आहेत. साकपाता ही भूमीची आणि देवीच्या रोगाची देवता. ज्या भाषेत रोगालाच ‘देवी’ म्हणतात त्या भाषेच्या वाचकाला हे नाते समजावून सांगावे लागू नये. पण फॉन भाषेतील ती गीते नेमके काय म्हणतात, हे संकलन हाती घेतलेल्या श्रोत्याला सहसा कळत नाही. त्याला कळते ते तबकडी कशी सापडली हे.

तबकड्या दुर्मीळ का झाल्या, याची कारणे तशी रोखठोक आहेत. छोट्या आवृत्त्या, १९८०च्या दशकात कॅसेटने तबकडीची घेतलेली जागा, बंद पडलेले कारखाने आणि राजकीय उलथापालथी. इथिओपियात १९४८च्या शाही फर्मानाने तबकड्यांची आयात व निर्मिती एकाच संस्थेच्या हाती सोपवली होती. १९६९ मध्ये आम्हा एशेते या तरुणाने तो मक्ता धुडकावून ‘आम्हा रेकॉर्ड्स’ काढली आणि १९७४च्या क्रांतीनंतर संचारबंदीने आदिस अबाबाच्या रात्रीच मुक्या केल्या. ‘दुर्मीळ’ हे विशेषण मात्र या इतिहासाला लागत नाही, ते बाजारभावाला लागते. कोतोनूच्या ज्या घरात ती तबकडी चाळीस वर्षे पडून होती, तेथे ती दुर्मीळ नव्हती, फक्त जुनी होती.

या संकलनांसोबत येणारी पुस्तिका हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. जेरार जनेत यांनी १९८७ मध्ये प्रस्तावना, मलपृष्ठ, शीर्षक इत्यादींना ग्रंथाचा ‘उंबरठा’ म्हटले. येथे उंबरठाच घराएवढा झालेला दिसतो. तिच्यातील आशयसूत्रे ठरलेली आहेत : परदेशी शोधक, धूळ खात पडलेले कोठार, खुणेने वाट दाखवणारा वृद्ध आणि अज्ञातवासातला नायक. हा नायक कधीकधी खराही असतो. ‘वालियास बँड’चे हायलू मेर्गिया १९८०च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेत गेले आणि वॉशिंग्टन येथे टॅक्सी चालवू लागले. विमानतळावर उतारूंची वाट पाहताना गाडीतला कीबोर्ड काढून ते सराव करीत. त्यांची १९८५ची कॅसेट ब्रायन शिमकोविट्झ यांना इथिओपियातील बाहिर दार येथे मिळाली, २०१३ मध्ये ती पुन्हा निघाली आणि मेर्गिया रंगमंचावर परतले. नायजेरियाच्या एनुगू येथील विल्यम ओन्येबोर यांनी याउलट धर्मनिष्ठ जीवन स्वीकारल्यावर आपल्या जुन्या संगीताविषयी बोलायचेच नाकारले. त्यांच्या संकलनाचे शीर्षकच ‘विल्यम ओन्येबोर कोण?’ (२०१३) असे प्रश्नरूप ठेवण्यात आले. २०१७ मध्ये ते निवर्तले. मौन हेही या कथनप्रकारात विक्रीयोग्य ठरते, याचा हा नमुना.

कथन वस्तुस्थितीवर किती मात करू शकते, हे काबो व्हेर्देच्या उदाहरणात स्पष्ट होते. ‘ॲनॅलॉग आफ्रिका’च्या ‘स्पेस एको’ (२०१६) या संकलनाबरोबर एक कथा प्रसृत झाली. १९६८ मध्ये अमेरिकेहून विद्युत्‌वाद्ये घेऊन निघालेले जहाज बेपत्ता झाले आणि काही महिन्यांनी ते साँउ निकोलाउ बेटावर, किनाऱ्यापासून आठ किलोमीटर आत, शेतात सापडले. अमिल्कार काब्राल यांच्या आदेशाने ती वाद्ये शाळांना वाटली गेली आणि त्यातून या बेटांचे ‘अंतराळी’ संगीत जन्मले! अनेक परीक्षणांत ही कथा जशीच्या तशी फिरली. वास्तविक १९६८ मध्ये ही बेटे पोर्तुगालच्या ताब्यात होती. काब्राल गिनीच्या भूमीवरून पोर्तुगालविरुद्ध सशस्त्र लढा चालवत होते. बेटावरील शाळांना आदेश देण्याच्या स्थितीत ते नव्हते आणि १९७३ मध्ये कोनाक्री येथे त्यांची हत्या झाली. स्वातंत्र्य आले ते १९७५ मध्ये. बेटांच्या संगीतात सिंथेसायझर आला तो स्थलांतरितांच्या हातून : लिस्बनचे स्टुडिओ, पाउलिनो व्हिएरा यांच्यासारखे वादक-संयोजक आणि रॉटरडॅममध्ये १९६०च्या दशकातच सुरू झालेली ‘मोराबेझा’ ही स्थलांतरितांची ध्वनिमुद्रिका-संस्था. आकाशातून पडल्यासारखे जहाज ही लोककथेची वृत्ती आहे आणि लोककथा म्हणून ती मनोवेधकही आहे. परंतु तिने बंदरांत व कारखान्यांत राबणाऱ्या माणसांचे श्रेय एका चमत्काराच्या खात्यावर जमा केले, हे नोंदवलेच पाहिजे.

सोमाली उदाहरण येथे प्रतितुलनेसाठी उपयोगी पडते. १९८८ मध्ये सियाद बारे यांच्या राजवटीने हर्गेसा शहरावर बाँबवर्षाव केला, तेव्हा रेडिओच्या संग्रहातील फिती वाचवण्यासाठी जमिनीत पुरल्या गेल्या, काही शेजारच्या देशांत नेल्या गेल्या. त्यांतील ध्वनिमुद्रणांसह इतर सामग्रीतून विक सोहोनी यांच्या ‘ओस्टिनाटो’ने २०१७ मध्ये ‘स्वीट ॲज ब्रोकन डेट्स’ हे संकलन काढले. पण या फिती ‘सापडल्या’ असे म्हणणे अवघड आहे. ज्यांनी पुरल्या त्यांनाच त्या कोठे आहेत ते ठाऊक होते. हर्गेसाच्या सांस्कृतिक केंद्रात दहा हजारांहून अधिक कॅसेटींचा संग्रह स्थानिकांनीच जोपासला आहे. शिवाय सोमाली परंपरेत गीताचा कर्ता कवी असतो. हद्रावी (१९४३–२०२२) यांच्यासारख्यांची गीते कविता म्हणूनच गणली जातात. सोमाली भाषेला अधिकृत लिपी मिळाली ती १९७२ मध्ये. तरीही तिच्यातील गीताची संहिता अनाथ नव्हती.

मॉरिशसच्या सेगाची स्थिती अशी नाही, आणि म्हणूनच ती अधिक विचारार्ह आहे. सेगा हे मादागास्कर व पूर्व आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांचे गीतनृत्य. शेकोटीवर तापवून चामडे ताणून घेतलेली ‘रावान’, बिया भरलेली ‘मारावान’ आणि त्रिकोण ही त्याची वाद्ये. बेर्नार्दँ द सँ-पिएर यांनी १७७३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रवासवर्णनात गुलामांच्या नृत्यगानाचा उल्लेख आहे. क्रिओल भाषेतील पहिल्या मुद्रित साहित्यकृतींमध्ये गणला जाणारा फ्रांस्वा क्रेतियँ यांचा पद्यसंग्रह १८२२ चा. त्याच्या शीर्षकात ‘बोब्र’ हे गुलामांचे धनुर्वाद्य आहे, पण लेखणी गोऱ्या माणसाची. पुढे शार्ल बेसाक यांनी १८८० मध्ये क्रिओलचे व्याकरण आणि १८८८ मध्ये लोककथांचा संग्रह सिद्ध केला. म्हणजे क्रिओल छापली गेली ती प्रथम इतरांच्या हातून. ती बोलणाऱ्यांनी स्वतःच्या नावाने, स्वतःच्या आवाजात आणि बाजारात विकता येईल अशा रूपात जर ती कोठे मोठ्या प्रमाणावर प्रकाशित केली असेल, तर ती तबकडीवर.

१९६४ मध्ये ल मोर्न येथे झालेल्या सेगा-रात्रीत ती फ्रेर (ज्याँ आल्फोंस रावातों, १९००–१९९२) यांना सेगाचा राजा म्हणून गौरवण्यात आले. १९६८ मध्ये देश स्वतंत्र झाला. त्यानंतरच्या दशकात रावानच्या लयीवर विजेची गिटार, बास व ऑर्गन चढले आणि ‘सोल सेगा’ घडला. ती लाफ्रिक यांचा आवाज जेम्स ब्राउनची आठवण करून देतो. तमिळ वंशाचे क्लॉडियो वीराराघू क्रिओलमध्ये गातात. ‘सोल सोक सेगा’ (२०१६) या संकलनाने १९७३ ते १९७९ मधील अशी गीते एकत्र केली. त्याच्या संपादनात मॉरिशसचे पर्सी यिप टाँग आणि रेयुनियाँचे संग्राहक असल्याने येथे परदेशी शोधकाचे पात्र गळून पडते, ही जमेची बाजू.

प्रश्न उरतो तो लेखनाचा. या तबकड्या निघाल्या तेव्हा क्रिओलला प्रमाणलेखन नव्हते, त्यामुळे वेष्टनांवर आणि लेबलांवर ती फ्रेंच वळणाने लिहिली जाई. याचा परिणाम केवळ दृश्य नाही. फ्रेंच ‘ला काझ’ म्हणजे उपपदासह झोपडी. क्रिओलमध्ये उपपद नामात मुरून ‘लाकाझ’ हा एकच शब्द झाला आहे. ‘मो लाकाझ’ म्हणजे ‘माझे घर’. हेच फ्रेंच पद्धतीने दोन शब्दांत तोडून लिहिले, की फ्रेंच वाचकाला ते चुकीचे, बालिश फ्रेंच वाटते. एका सार्वभौम भाषेचे व्याकरण केवळ लेखनामुळे अशुद्धतेच्या सदरात जाते. ‘ग्राफी लार्मोनी’ हा लेखनप्रस्ताव २००४ मध्ये आला, आर्नो कार्पूरां यांचा कोश २००९ मध्ये आणि २०१२ पासून क्रिओल प्राथमिक शाळांत पर्यायी विषय झाली. पुनर्प्रकाशित संकलनांत मात्र जुन्या लेबलांवरील फ्रेंच वळणच प्रामुख्याने कायम राहते. ‘मूळ बरहुकूम’ या ग्राहकाच्या आग्रहाला ते धरूनही आहे. संहिताचिकित्सेच्या दृष्टीने येथे दोन पाठ शेजारी छापण्याची गरज आहे : लेबलावरचा आणि आजच्या लेखनातला. जुना पाठ टाकून देणेही बरोबर नव्हे. भाषा स्वतःकडे कोणाच्या नजरेने पाहत होती याचा तो पुरावा आहे.

मराठी अभ्यासकाला या बेटाशी जोडणारा दुवा कल्पित नाही. १८३४ नंतर मॉरिशसला गेलेल्या करारबद्ध मजुरांत कोकणातील, विशेषतः रत्नागिरी परिसरातील मराठी माणसे होती. मुंबई बंदरातून गेल्याने त्यांना तेथे ‘बोंबाय’ म्हटले गेले. त्यांच्या वंशजांनी गणेशोत्सवात जपलेली ‘झाकरी’ ही कोकणच्या जाखडीची सख्खी बहीण. आज त्यांच्या घरांत बहुतांशी क्रिओल बोलली जाते, उपासनेत मराठी येते आणि शाळेच्या पर्यायी भाषांच्या यादीत या दोन्ही भाषा शेजारी उभ्या असतात. सेगाचे शब्द त्यांना कळतात, आपल्याच आजोबांच्या झाकरीचे पूर्ण कळतीलच असे नाही. सेगाचा अभ्यास हा म्हणून ‘इतरांच्या’ संगीताचा अभ्यास ठरत नाही.

महाराष्ट्रात जुन्या तबकड्यांचा शोध वेगळ्या वाटेने गेला. १९९० मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ने क्रमांक, साल, गायक यांच्या नोंदींवर भर दिला, आणि नाट्यगीतांच्या बाबतीत शब्द आधीच सुरक्षित होते, कारण नाट्यगृहाच्या दारात पदांची पुस्तके विकली जात. सेगाला अशी पद्यावली लाभली नाही. या गीतांत टोमणा, द्व्यर्थ आणि शेजाऱ्याला लगावलेली कोपरखळी असते. नुसत्या तालावर डोलणाऱ्याच्या ती ध्यानी येत नाही. श्लेष उतरवून घेणारा माणूस भाषेचाच असावा लागतो, आणि १९७०च्या दशकातील प्रसंग आठवणारी पिढी आता सत्तरी ओलांडून गेली आहे.

चागोस द्वीपसमूहाचा सेगा हे याचे सर्वांत निकडीचे उदाहरण. दिएगो गार्सियावरील लष्करी तळासाठी १९६८ ते १९७३ या काळात तेथील रहिवाशांना मॉरिशस व सेशेल्स येथे हलवण्यात आले. शार्लेझिया आलेक्सी (१९३४–२०१२) यांच्यासारख्या स्त्रियांनी बेटांवरील जीवन आणि हद्दपारी सेगात गाऊन ठेवली. युनेस्कोने मॉरिशसचा पारंपरिक सेगा २०१४ मध्ये आणि रॉद्रिग्सचा २०१७ मध्ये प्रातिनिधिक वारशाच्या सूचीत घेतला. चागोसच्या सेगाची नोंद २०१९ मध्ये झाली ती तातडीने संरक्षण आवश्यक असलेल्यांच्या सूचीत. चागोसची क्रिओल मॉरिशसच्या क्रिओलहून काहीशी निराळी आहे. तिच्यातील मासेमारीचे, नारळाच्या मळ्यातील कामाचे, बेटांच्या कोपऱ्या-किनाऱ्यांचे शब्द ज्या जीवनातून आले ते जीवन आता त्या बेटांवर नाही. त्या शब्दांचा अर्थ सांगू शकणाऱ्या वृद्ध स्त्रिया मॉरिशसमध्ये आणि इंग्लंडमधील क्रॉली येथे विखुरल्या आहेत. तबकडी पुन्हा काढण्याआधी टिपणवही घेऊन जायचे आहे ते त्यांच्याकडे.