पिंजऱ्यातील पक्ष्यांचा हिवताप

पावसाळा सरू लागला की आमच्या पांढुर्णा-सौसर भागात घरोघर हिवतापाची चर्चा सुरू होते. परंतु खुराड्यातील कोंबडी पेंगू लागली, तर तिलाही तोच विकार झाला असेल, हे सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही. वस्तुतः डास हिवताप कसा पोहोचवितो, याची साखळी प्रथम पुरी झाली ती पिंजऱ्यातील पक्ष्यांमुळेच.

१८९७ च्या ऑगस्टमध्ये सिकंदराबाद येथे रोनाल्ड रॉस यांना डासाच्या जठराच्या भित्तीत हिवतापाचे जंतू दिसले. पुढे ते कलकत्त्यास आले. तेथे प्लेगाची लस टोचतील या धास्तीने लोक बोटातून रक्ताचा थेंबही देईनात. तेव्हा रॉस यांनी चिमण्या व चंडोल पिंजऱ्यात ठेवले. आजारी पक्ष्यांवर डास सोडावयाचे आणि मग एकेक डास चिरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहावयाचा, असा तो चिकाटीचा उद्योग होता. साहाय्यक महंमद बक्ष हाताशी होते. १८९८ च्या जुलैमध्ये जंतू डासाच्या लाळपिंडात सापडले, आणि तसल्या डासांनी दंश केलेल्या निरोगी चिमण्या आजारी पडल्या. कोडे सुटले! रॉस यांना १९०२ साली नोबेल पारितोषिक मिळाले. चिमण्यांचे नाव मात्र क्वचितच निघते.

पक्ष्यांचा हा हिवताप माणसास होत नाही. आपला ताप अॅनॉफेलीस डास आणतो. चिमण्यांचा आणतो तो मुख्यतः गटारातील घाण पाण्यात वाढणारा क्युलेक्स. जंतू तांबड्या रक्तपेशींत शिरून त्या फोडतात. मग पक्षी पिसे फुगवून बसतो, दाणा टाकतो, कोंबडीचा तुरा फिकट पडतो. अशी लक्षणे इतर रोगांतही दिसतात, म्हणून पशुवैद्याकडून रक्त तपासून घेणेच बरे.

रानातील पुष्कळ पक्षी हा जंतू अंगी बाळगून खुशाल उडत असतात. पिढ्यान्‌पिढ्यांचा परिचय असतो. परंतु ज्यांच्या मूळ प्रदेशी डास विरळा, असे पेंग्विन परदेशांतील प्राणिसंग्रहालयांत याच तापाने दगावले आहेत. शिवाय कोंडलेल्या पक्ष्यास डासापासून दूर उडून जाता येत नाही. त्याची काळजी पाळणाऱ्यानेच वाहावी लागते. खुराड्याजवळील डबकी बुजवावी. उन्हाळ्यात अंड्यापासून डास होण्यास आठवडा-दीड आठवडा पुरतो, म्हणून पाण्याची भांडी रोज उपडी करावी. क्युलेक्स रात्री चावतो. तेव्हा पिंजऱ्यावर बारीक जाळी दिवेलागणीपूर्वीच सोडावी.