चवळीची भरवशाची जात कशी ओळखावी

एखाद्या साली, एखाद्या शेतात चवळीची एक जात सरस ठरली, एवढ्यावरून ती सर्वत्र पेरण्याजोगी ठरत नाही. कोकणात भातकापणीनंतर खाचरात उरलेल्या ओलीवर चवळी घेतात; देशावर ती खरिपात मिश्रपीक म्हणूनही येते. ओल, जमीन व दिवसमान बदलले की जातींचा क्रमही बदलतो.

दिवसमानाचा परिणाम विशेष असतो. पुष्कळ जुन्या वेलवर्गी जाती दिवस लहान होऊ लागल्याशिवाय फुलत नाहीत. लवकर पेरल्यास पाला माजतो व शेंगा उशिरा धरतात. दापोलीच्या कृषी विद्यापीठाची ‘कोकण सदाबहार’ ही जात या बंधनातून पुष्कळशी मोकळी आहे.

स्थैर्य मोजण्याची रीत एबरहार्ट व रसेल यांनी १९६६ साली मांडली. प्रत्येक ठिकाणच्या सर्व जातींची सरासरी काढावयाची व तिच्याशी एकेका जातीचे उत्पन्न ताडून पाहावयाचे. सरासरी वाढते त्याहून अधिक वेगाने जी वाढते, ती सकस जमिनीची जात होय. प्रतिकूल ठिकाणीही जी फारशी घटत नाही, ती हलक्या जमिनीस बरी. मात्र नेहमीच कमी पिकणारी जातही स्थिर दिसते; तेव्हा सरासरी उत्पन्न आधी पाहावे.

प्रात्यक्षिकासाठी गावातील उत्तम तुकडाच निवडण्याची खोड कार्यकर्त्यांनी सोडावी. हलक्या रानात व उशिराच्या पेऱ्यातही तीच जात घ्यावी, शेजारी स्थानिक जात ठेवावी, आणि पीक फसलेल्या तुकड्याचे वजनही वहीत मांडावे.