दारात समुद्र, घरात गोड्या पाण्याची टाकी

काशीदला सुट्टीत पाहुणे येतात. त्यांची पोरं दिवसभर समुद्रात असतात, पण संध्याकाळी जेवण तयार होईपर्यंत सगळ्या पडवीत धुडगूस. म्हणून आमच्या बचत गटातल्या एका ताईंच्या खानावळीत माशांची मोठी टाकी ठेवायचं ठरलं. नव्या टाकीचा भाव ऐकून आम्ही गप्पच बसलो. मग जुनी, एका कोपऱ्यात गळणारी टाकी स्वस्तात घेतली आणि ताईंनी गटातून अंतर्गत कर्ज उचललं. त्यात आम्ही काय केलं आणि कुठे आपटलो, ते आज सांगतो.

पहिला प्रश्न सगळेच विचारतात: दारात समुद्र आहे, मग त्यातलंच पाणी आणि मासे का नको? समुद्राच्या पाण्यात लिटरमागे साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. टाकीतलं पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात, म्हणून खारटपणा रोज वाढत जातो. पावसाळ्यात तर किनाऱ्याचं पाणी गढूळ आणि कमी खारट होतं. खडकांतल्या डबक्यातून पकडून आणलेले मासे हा चढउतार सोसत नाहीत. शिवाय प्रवाळ आणि समुद्रघोडा यांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे, त्यांना हात लावायचा नाही. तेव्हा घरच्या टाकीला गोडं पाणीच बरं.

आता वजन. आमची टाकी ४ फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच, म्हणजे ९ घनफूट. एका घनफुटात २८ लिटरच्या वर पाणी मावतं, म्हणजे काठोकाठ भरली तर सुमारे २५५ लिटर, तेवढेच किलो. वर काच आणि खडी. सगळं मिळून साडेतीनशे किलोच्या आसपास, सिमेंटच्या सात गोण्या एका जागी ठेवल्यासारखं. पोटमाळ्यावर अशी टाकी चढवू नका. टाकीबरोबर लोखंडी स्टँड आला होता, पण आपल्याकडचा खारा वारा लोखंडाला ठेवत नाही. त्याचे पाय आतून पोकळ झालेले निघाले. आम्ही सरळ जांभ्या चिऱ्यांचा ओटा बांधला, लेव्हल लावून पाहिली, वर जाड प्लायवूड आणि त्यावर थर्माकोलची शीट. खाली एखादा खडा जरी राहिला तरी काच तिथेच तडकते, म्हणून थर्माकोल हवाच.

गळती बंद करताना आधी चूक केली. जुन्या सिलिकॉनवरच नवीन लावलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा थेंब! नवीन सिलिकॉन जुन्याला चिकटत नाही. मग आतल्या सगळ्या कडांचं जुनं सिलिकॉन ब्लेडने खरवडून काढलं, काच स्पिरिटने पुसली आणि एका दमात चारही बाजू भरल्या. बुरशी लागू नये म्हणून औषध घातलेलं, बाथरूमचं सिलिकॉन घेऊ नका. ते माशांना विषारी ठरू शकतं. आठवडाभर वाळू दिलं, मग अंगणात भरून दोन दिवस पाहिलं आणि रिकामी करून आत नेली. भरलेली टाकी कधीही उचलायची नाही, हे सांगायला नकोच.

तळाला नदीची खडी स्वच्छ धुऊन घातली. समुद्राची वाळू आणि शिंपले नाहीत, त्यांच्यातल्या चुन्याने पाणी जड होतं. गाळणीसाठी स्पंजचा फिल्टर आणि हवेचा पंप. हा पंप पाण्याच्या पातळीच्या वर टांगा. खाली ठेवला आणि वीज गेली, तर नळीतून पाणी उलटं पंपात येतं आणि तिथून जमिनीवर. वायरही आधी खाली लोंबून मग प्लगकडे वर जावी, म्हणजे ओघळलेला थेंब खालीच पडतो. टाकीत हात घालण्याआधी बटण बंद, हा नियम पोरांनाही शिकवा.

सगळ्यात महत्त्वाचं आता. पाणी भरलं की लगेच मासे सोडू नका. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाण्यातून अमोनिया तयार होतो, तो विष आहे. एक प्रकारचे जीवाणू त्याचं नायट्राइट करतात, तेही विषच. दुसरे जीवाणू त्याचं नायट्रेट करतात, ते बरंच कमी घातक. हे जीवाणू स्पंजवर आणि खडीवर वाढायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर फिल्टर चालू ठेवायचा आणि रोज चिमूटभर खाद्य टाकायचं, मासा नसतानाही. शेजारणी हसतात, हसू द्या. तपासणीच्या थेंबांचा संच मिळतो. त्यात अमोनिया आणि नायट्राइट शून्य दिसले की मग आठ-दहा लहान मासे. आम्ही गप्पी आणि मॉलीपासून सुरुवात केली. गप्पी तुम्हाला ठाऊकच आहेत, डासांच्या अळ्या खायला आरोग्य खातं सोडतं तेच. दुकानदार काच साफ करायला सकर मासा देतो, तो नको. फूटभर वाढतो आणि मग लोक ओढ्यात सोडून देतात.

दोन महिने छान गेले. मग एका रविवारी आम्हीच हौसेने स्पंज नळाखाली खसाखसा धुतला. त्याच सकाळी विहिरीत टीसीएल पावडर पडली होती. क्लोरीनने स्पंजवरचे जीवाणू मेले, आणि बदललेलं पाणीही नळाचंच. तिसऱ्या दिवशी मासे वर येऊन तोंड उघडझाप करू लागले, आणि आठवड्यात तीनच उरले. ताईंचे कर्जाचे हप्ते तर अजून बाकी होते. टाकी विकून टाकू म्हणाल्या, आणि आमच्याकडे उत्तर नव्हतं. चूक आमची, म्हणून पुढचे मासे गटातल्या आम्ही सगळ्यांनी मिळून घेतले.

तेव्हापासून स्पंज टाकीतूनच काढलेल्या पाण्यात बादलीत पिळतो, तोही महिन्यातून एकदा. आठवड्याला पाव भाग पाणी बदलतो, आणि ते उघड्या बादल्यांत चोवीस तास ठेवलेलं असतं, म्हणजे क्लोरीन उडून जातो.

राहिला विजेचा प्रश्न. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ अलिबागजवळ किनाऱ्यावर आलं, तेव्हा कित्येक गावं किती दिवस अंधारात होती ते आपण विसरलो नाही. आता पॉवर बँकवर चालणारा छोटा हवेचा पंप मिळतो, तो आणून ठेवला आहे. तोही संपला तर तांब्याने पाणी उपसून वीतभर उंचीवरून परत टाकीत ओतायचं, तासाभराने पुन्हा. आणि वीज येईपर्यंत खाद्य बंद. मासे चार दिवस उपाशी राहू शकतात.