थळच्या किनाऱ्यावरून सॅलमिस

सुट्टीत आलेला माझा भाचा टीव्हीवर एक इंग्रजी सिनेमा बघत होता. '३०० : राइज ऑफ ॲन एम्पायर', २०१४ सालचा. ग्रीक आणि इराणी आरमारांची लढाई. जहाजांवर जहाजं आदळत होती, पाणी लाल होत होतं, बलदंड ग्रीक वीर शत्रूला कापत सुटले होते. सिनेमा संपल्यावर त्यानं विचारलं, "मामू, आपल्या दर्यात अशी लढाई झाली होती का?" मी म्हटलं, "झाली ना! इथेच, थळच्या समोर." त्यावर तो लगेच म्हणाला, "मग त्यात आपण कुठल्या बाजूला होतो?"

प्रश्न साधा वाटतो, पण एका वाक्यात उत्तर देता येईना. म्हणून आधी त्या सिनेमातली लढाई समजून घेऊ.

इसवी सनापूर्वी ४८० मध्ये इराणचा बादशहा झर्क्सिस प्रचंड सैन्य आणि आरमार घेऊन ग्रीसवर चालून आला. अथेन्स शहर त्यानं जाळलं. ग्रीकांकडे पावणेचारशेच्या आसपास जहाजं होती. इराणी जहाजं हिरोडोटस या इतिहासकारानं १२०७ सांगितली आहेत. हा आकडा आजचे अभ्यासक फुगवलेला मानतात, पण इराणी आरमार मोठं होतं यात वाद नाही. अथेन्सचा सेनानी थेमिस्टोक्लीस यानं खोटा निरोप धाडून ते आरमार सॅलमिस बेटाजवळच्या चिंचोळ्या पट्ट्यात ओढून घेतलं. तिथं जहाजांना वळायला जागा उरली नाही. गर्दीत ती एकमेकांवर आपटू लागली आणि ग्रीकांनी आपल्या जहाजांच्या नाळेवरच्या काशाच्या धडकांनी त्यांची बाजू फोडली.

त्या काळच्या एका ग्रीक युद्धनौकेवर सुमारे २०० माणसं असत. त्यांतली १७० नुसती वल्ही मारणारी, तीन रांगांत एकावर एक बसलेली. अथेन्सची ही माणसं बहुतेक गरीब नागरिक होती. लढाई त्यांच्या दंडांनी जिंकली. सिनेमात मात्र ती ओझरती दिसतात, कारण पडद्याला तलवारवाला नायक लागतो.

सिनेमानं आणखीही काही बदललं आहे. त्यात थेमिस्टोक्लीस मॅरेथॉनच्या मैदानावर बाण मारून झर्क्सिसच्या बापाला, दारियसला, ठार करतो. खरा दारियस त्यानंतर चार वर्षांनी आपल्या देशात वारला. इराण्यांकडून लढणारी आर्टेमिसिया राणी सिनेमात मारली जाते. खरी आर्टेमिसिया सॅलमिसहून जिवंत निसटली. ती हॅलिकार्नासस या ग्रीक शहराची राणी, आणि ही हकिगत लिहिणारा हिरोडोटस त्याच शहराचा. इराण्यांच्या आरमारात अशी अनेक ग्रीक शहरांची जहाजं होती, शिवाय फिनिशियन आणि इजिप्तचीही. म्हणजे 'एकीकडे सगळे ग्रीक, दुसरीकडे सगळे इराणी' हा हिशेब तेव्हाही जुळत नव्हता.

आता आपल्या दर्याकडे येऊ. थळच्या पुळणीवर उभं राहिलं की समोर दोन बेटं दिसतात. जवळचं उंदेरी, त्यामागचं खांदेरी. १६७९ च्या पावसाळ्यात शिवाजी महाराजांनी खांदेरीवर किल्ला बांधायला माणसं धाडली. त्यांचा म्होरक्या होता मायनाक भंडारी. मुंबईच्या तोंडाशी हा किल्ला उभा राहतोय म्हटल्यावर इंग्रज घाबरले आणि त्यांनी बेटाची नाकेबंदी केली. १९ सप्टेंबरला त्यांचा लेफ्टनंट थॉर्प बेटाच्या फार जवळ गेला आणि मारला गेला. मग कॅप्टन केग्विन 'रिव्हेंज' नावाची मोठी फ्रिगेट घेऊन आला. सोबत गुराबा होत्या, आणि शिबाडं-मचवेसुद्धा, कारण या पाण्यात नुसत्या मोठ्या जहाजांनी भागत नाही हे इंग्रजांना कळून चुकलं होतं.

१८ ऑक्टोबरच्या पहाटे चौलच्या उत्तरेकडून मराठ्यांची गलबतं इतक्या वेगानं आली, की इंग्रजांना नांगर उचलायला जेमतेम वेळ मिळाला. अर्ध्या तासात 'डव्ह' नावाच्या गुराबेनं निशाण उतरवलं. 'रिव्हेंज' मात्र एकटी तोफा डागत राहिली, काही गलबतं बुडाली आणि बाकीची नागोठण्याच्या खाडीत शिरली. सिनेमात असता तर हा इंग्रजांचा विजय ठरला असता. पण खरी लढाई रात्रीची होती. जड जहाज वाऱ्यावर अवलंबून असतं. वारा पडला की ते जागीच थांबतं, आणि उथळ पाण्यात शिरायला त्याला भीती वाटते. हलकी गलबतं वल्ह्यांवर चालतात. ती अंधारात, किनाऱ्याच्या उथळ पाण्यातून बेटावर धान्य, दारूगोळा आणि माणसं पोचवत राहिली. नाकेबंदी फसली. १६८० च्या सुरुवातीला इंग्रजांनी समझोता केला आणि खांदेरी महाराजांकडे राहिली. सॅलमिस आणि खांदेरी या दोन लढायांमध्ये दोन हजारांवर वर्षांचं अंतर आहे, पण धडा एकच : आपलं पाणी ओळखणारा लहान गडी मोठ्याला पुरून उरतो.

भाच्याचा प्रश्न राहिलाच. महाराजांच्या या आरमाराचा सेनानी होता दौलतखान. मोगलांच्या वतीनं समोर ठाकला जंजिऱ्याचा सिद्दी कासिम. १६८० च्या जानेवारीत सिद्दीनं शेजारची उंदेरी घेतली. तिच्यावर चालून जाताना दौलतखान जखमी झाला. खान महाराजांचा, सिद्दी मोगलांचा, आणि सिद्दीच्या जोडीला ख्रिस्ती इंग्रज. ही वाटणी धर्माच्या रेषेवर बसत नाही. ती चाकरीची होती, इमानाची होती. आणि त्या गलबतांवर वल्ही मारणाऱ्यांची नावं, सॅलमिसच्या वल्हेकऱ्यांसारखीच, इतिहासात उरली नाहीत.

मी भाच्याला म्हटलं, "बाळा, आपण दोन्ही बाजूंना होतो. पण या किनाऱ्याचं मीठ खाल्लेल्यांनी दौलतखानाचं नाव विसरू नये." त्यानं ते नाव पहिल्यांदाच ऐकलं होतं. दोष त्याचा नाही. आम्हीच ते त्याला सांगितलं नव्हतं.

कवी म्हणून मला एक गोष्ट राहून राहून आठवते. सॅलमिसनंतर आठच वर्षांनी एस्किलस या ग्रीक कवीनं त्या लढाईवर नाटक लिहिलं, 'द पर्शियन्स'. तो स्वतः मॅरेथॉनला लढला होता, त्या लढाईत त्याचा भाऊ पडला होता. सॅलमिसलाही तो होता असं मानतात. पण नाटक घडतं ते इराणच्या दरबारात. बादशहाची आई मुलाच्या वाटेकडे डोळे लावून बसली आहे आणि पराभवाची बातमी येते. जिंकलेल्या शहरातल्या प्रेक्षकांपुढे त्यानं हरलेल्यांचं दुःख मांडलं. अडीच हजार वर्षांनी आलेल्या सिनेमाला हे जमलं नाही.

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोनं मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशात घेतले. त्यांत खांदेरी आहे. आता तिथं पाहुणे वाढतील. बेटावर वेताळाचं देऊळ आहे, आणि दाऊद पीराचा दर्गाही. पुढच्या सुट्टीत समुद्र शांत असताना भाच्याला मचव्यातून तिकडे न्यायचं ठरवलं आहे. वाटेत पाण्याची खोली कुठं कमी आहे, ते तांडेलालाच विचारायला सांगेन.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)