लावणीचे वय
(वाढत्या मुलामुलींच्या आईवडिलांसाठी)

मुलगा चौदा वर्षांचा झाला की घरोघरी एकच तक्रार ऐकू येते : "आता हा आमचे ऐकत नाही." मुलगी असेल तर, "हल्ली हिला काही बोलायची सोय नाही, लगेच डोळ्यांत पाणी." तक्रार खोटी नसते, पण तिच्यावरचा इलाज पुष्कळदा चुकतो. म्हणून या वेळी शेतातल्या पिकांऐवजी घरातल्या रोपांविषयी लिहीत आहोत.

भाताची लावणी ज्यांनी केली आहे त्यांना फार सांगायला नको. तरव्यातले रोप काढून चिखलात लावले की ते काही दिवस पिवळे पडते, मान टाकते. जाणता शेतकरी ते उपटून पाहत नाही. बेताचे पाणी ठेवतो आणि नवी मुळे फुटेपर्यंत धीर धरतो. दहा ते एकोणीस हे वय असेच आहे. लहानपणाची जागा सुटलेली असते आणि मोठेपणाची मुळे अजून धरलेली नसतात.

शरीरातील बदल

मुलींच्या शरीरातले बदल ८ ते १३ आणि मुलांच्या शरीरातले ९ ते १४ या वयांत केव्हाही सुरू होतात. शेजारच्या मुलाशी तुलना करू नये. मुलीची छाती भरू लागल्यापासून साधारण दोन-अडीच वर्षांनी पाळी येते. म्हणजे आईच्या हाती सांगायला पुरेसा वेळ असतो. पाळी म्हणजे काय, कपडा किंवा पॅड कसे वापरावे, शाळेत पाळी आली तर कोणत्या बाईंना सांगावे, हे आधीच सांगितले तर मुलगी घाबरत नाही. पहिली एक-दोन वर्षे पाळी मागेपुढे होते, ते स्वाभाविक आहे. मात्र रक्तस्राव सात दिवसांहून जास्त चालला, किंवा पंधरा वर्षे पूर्ण होऊनही पाळी आली नाही, तर डॉक्टरांना दाखवावे.

मुलांशी वडिलांनी बोलावे. आवाज फुटणे, मिसरूड येणे, झोपेत वीर्य जाणे, हे वाढीचे भाग आहेत, आजार नव्हेत. त्याने अशक्तपणा येत नाही. घरात कोणी बोलत नाही, म्हणून मुले भिंतींवरच्या जाहिराती वाचून भोंदू वैद्यांकडे पैसे घालवतात आणि मनात भीती घेऊन फिरतात.

आळस की रक्ताची कमतरता?

"दिवसभर लोळत असते" असे म्हणण्याआधी मुलीच्या पापण्या आतून पाहा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते १९ वयाच्या दर १०० मुलींपैकी ५९ जणींना आणि दर १०० मुलांपैकी ३१ जणांना रक्ताची कमतरता आढळली. धाप लागणे, डोके दुखणे, अभ्यासात लक्ष न लागणे ही तिची लक्षणे. मुलीचे हिमोग्लोबिन १२ ग्रॅमच्या खाली असेल तर उपचार हवेत.

शाळेत आठवड्यातून एकदा लोहाची निळी गोळी देतात. ती जेवणानंतर घ्यावी. शौच काळी झाली तर घाबरू नये. जंताची गोळीही चुकवू नये. जेवणात पालेभाजी, कुळीथ, तीळ, मासळी असावी; वर लिंबू पिळावे म्हणजे लोह अंगी लागते. जेवणावर लगेच चहा घेतल्यास ते वाया जाते. हाडांसाठी नाचणीची भाकरी किंवा आंबील उत्तम. आणि सर्वांना वाढून मुलीने शेवटी उरलेले खायचे, ही रीत बंद करावी.

या वयात आठ ते दहा तास झोप लागते, पण झोप येण्याची वेळच निसर्गतः उशिराकडे सरकते. त्यात उशाशी मोबाईल असला की झोप संपलीच. रात्री सर्वांचे मोबाईल स्वयंपाकघरात ठेवावेत, वडिलांचासुद्धा.

बोलणे कसे चालू ठेवावे

मनाला लगाम घालणारा मेंदूचा भाग पंचविशीच्या सुमारास पुरता पिकतो. भावनांचा जोर मात्र त्याआधीच येतो. म्हणून या वयात राग चटकन येतो. नियम थोडे ठेवा, पण ते पाळा. चारचौघांत अपमान करू नका. समोर बसवून केलेल्या उपदेशापेक्षा शेंगा तोडताना, गोठा झाडताना बोलणे सोपे जाते.

जबाबदारीही द्या. एक गुंठा भाजीचा मुलाच्या किंवा मुलीच्या हवाली करा. बियाणे, पाणी, विक्री, सगळा हिशेब त्यांचा. पीक बुडाले तरी टोमणा मारू नका. फक्त फवारणीचे काम अठरा वर्षांखालील मुलांना देऊ नका.

येशू बारा वर्षांचा असताना मरिया आणि योसेफ यांनी त्याला तीन दिवस शोधले, हे लूकच्या शुभवर्तमानात आपण वाचतो. सापडल्यावर आईने आपले दुःख सांगितले आणि "असे का केलेस" म्हणून विचारले. त्याचे उत्तर त्यांना समजले नाही, तरी त्या घरातले नाते तुटले नाही. मुलांचे प्रत्येक बोलणे आपल्याला समजलेच पाहिजे असे नाही, पण ते ऐकले पाहिजे. घरी न बोलणारे मूल काका, मावशी किंवा बाप्तिस्म्याला उभे राहिलेल्या धर्मपिता-धर्ममातेशी बोलू शकते. त्यात कमीपणा मानू नये.

आजच करायची एक गोष्ट

कीटकनाशक, तणनाशक आणि उंदराचे औषध आजच कुलपात ठेवा आणि किल्ली मोठ्या माणसाजवळ असू द्या. एस.एस.एल.सी.चा निकाल, कुणाचा कठोर शब्द, मोडलेली मैत्री, यांतून या वयात निराशेची लाट फार उंच येते, पण ती पुष्कळदा लवकर ओसरते. त्या घडीला विष हाताशी नसले तर मूल वाचते. श्रीलंकेने १९९५ पासून अतिविषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी घातली. पुढच्या वीस वर्षांत तिथले आत्महत्यांचे प्रमाण निम्म्याहून खाली आले.

मूल एकाएकी गप्प झाले, जेवण-झोप सोडली, आवडत्या वस्तू वाटू लागले, "मी नसतो तर बरे" असे म्हणाले, तर त्याला एकटे सोडू नका. "जीव द्यावासा वाटतो का?" असे शांतपणे विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट मन मोकळे होते. १४४१६ हा टेलि-मानसचा सरकारी क्रमांक रात्रंदिवस फुकट चालतो आणि तिथे मराठी व कन्नडमध्ये बोलता येते. मुलांसाठी १०९८ हा क्रमांकही आहे. विष पोटात गेल्याचा संशय आला तर उलटी करवू नका. बाटलीसकट लगेच दवाखाना गाठा.

दृढीकरणाच्या तयारीला बसणारी आपली मुलेमुली याच वयाची आहेत. त्यांचे पालक रविवारच्या मिस्सानंतर एकत्र येतील तेव्हा हे पान वाचून दाखवावे आणि घरच्या कुलपाविषयी एकमेकांना विचारावे, अशी आमची विनंती आहे.