चेलोवादक रोस्त्रोपोविच

मुलांनो, तुम्ही सारंगी पाहिली असेल. चेलो हेही तिच्यासारखेच गजाने वाजवायचे वाद्य आहे. पण ते इतके मोठे असते, की वादक खुर्चीवर बसतो आणि ते दोन्ही गुडघ्यांमध्ये धरतो. त्याला चार तारा असतात. आवाज मात्र खोल व गंभीर, जणू एखादा माणूसच गात आहे.

या वाद्याचे थोर वादक मस्तिस्लाव रोस्त्रोपोविच यांचा जन्म २७ मार्च १९२७ रोजी बाकू येथे झाला. हे शहर आता अझरबैजानची राजधानी आहे; तेव्हा ते सोव्हिएत संघात होते. वडिलांनीच त्यांना चेलो शिकवला. पुढे मॉस्कोत त्यांचे नाव झाले. १९५९ साली संगीतकार शोस्ताकोविच यांनी त्यांच्यासाठी एक अवघड रचना लिहिली. ती त्यांनी चार दिवसांत पाठ केली!

कीर्ती मिळाली, मान मिळाला. तरीही त्यांनी एक मोठे संकट स्वतःहून ओढवून घेतले. सोल्झेनित्सिन नावाच्या लेखकावर सरकारचा रोष होता. त्यांना राहायला धड जागा नव्हती. रोस्त्रोपोविच आणि त्यांच्या पत्नी, प्रसिद्ध गायिका गालिना विश्नेव्स्काया, यांनी १९६९ मध्ये त्यांना मॉस्कोबाहेरच्या आपल्या घरी आसरा दिला. इतकेच नव्हे, तर १९७० साली रोस्त्रोपोविच यांनी लेखकाची बाजू घेणारे पत्र वर्तमानपत्रांना पाठवले. देशातल्या एकाही वर्तमानपत्राने ते छापले नाही! मग परदेशचे दौरे थांबले. मोठ्या सभागृहांची दारे त्यांना बंद झाली. कलावंताला याहून मोठी शिक्षा कोणती?

१९७४ साली त्यांनी देश सोडला. १९७८ मध्ये सरकारने पतिपत्नींचे नागरिकत्वही काढून घेतले. अमेरिकेत वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय वाद्यवृंदाचे ते १९७७ ते १९९४ अशी सतरा वर्षे संचालक होते. संचालक स्वतः वाद्य वाजवत नाही; हातातल्या छडीने तो सर्व वादकांना एकत्र चालवतो.

९ नोव्हेंबर १९८९ रोजी जर्मनीतील बर्लिनची भिंत खुली झाली. या भिंतीने अठ्ठावीस वर्षे एका शहराचे दोन तुकडे केले होते. दोनच दिवसांनी रोस्त्रोपोविच चेलो घेऊन पॅरिसहून विमानाने तेथे पोहोचले. गंमत अशी, की बसायला खुर्चीच नव्हती! ती तेथेच कोणाकडून तरी मागून घ्यावी लागली. भिंतीला पाठ लावून ते बसले आणि बाख या जर्मन संगीतकाराच्या रचना वाजवू लागले. येणारेजाणारे थांबून ऐकत राहिले. तिकीट नाही, व्यासपीठ नाही.

१९९० साली त्यांचे नागरिकत्व परत मिळाले. पुढच्याच वर्षी या दांपत्याने मुलांच्या आरोग्यासाठी एक संस्था काढली. ती मुलांना रोगप्रतिबंधक लसी देण्याचे काम करू लागली. २७ एप्रिल २००७ रोजी रोस्त्रोपोविच मॉस्कोत वारले. बाकूमधील त्यांच्या जन्मघरात आता संग्रहालय आहे.