बसणं जमलं की थांबणं जमतं

चाकणजवळच्या नाणेकरवाडीत ब्रेम्बोचा कारखाना आहे. शर्यतीच्या गाड्यांच्या ब्रेकांसाठी जगभर नावाजलेल्या या इटालियन कंपनीने लहान मोटरसायकलींसाठी 'बायब्रे' या नावाचे ब्रेक आणले. 2012 मध्ये बजाजच्या चाकण कारखान्यातून केटीएम ड्यूक 200 बाहेर पडली, तेव्हा तिला हेच ब्रेक होते. बोटांची हलकी ओढ नळीतल्या द्रवातून पुढे जाते, पिस्टन सरकतात, पॅड फिरत्या तबकडीला दोन्हीकडून धरतात आणि माणसासकट दोनशे किलोंची गाडी थांबते. हेच तत्त्व आता आठ-नऊ किलोंच्या रोड बाईकवरही आलं आहे.

मात्र रोड बाईकचा ब्रेक कितीही चांगला असला, तरी ती किती अंतरात थांबेल हे बरंचसं सीटची उंची, हँडलचं अंतर आणि स्वाराचे कोपर ठरवतात. ड्यूकच्या एकूण वजनात गाडीचा वाटा मोठा असतो. रोड बाईकवर नव्वद टक्के वजन माणसाचं असतं आणि तो माणूस सायकलला फक्त पाच ठिकाणी टेकलेला असतो: दोन हात, दोन पाय आणि बैठक. त्यामुळे सायकल अंगाला बसते का आणि ती नीट थांबते का, हे मला एकाच प्रश्नाचे दोन अर्धे वाटतात.

चाकण-भोसरीच्या आपल्या कारखान्यांच्या पट्ट्यात हे समजून घेणं सोपं जावं. इथे बनणाऱ्या प्रत्येक मोटारीची आतली जागा 'एच-पॉइंट' नावाच्या एका बिंदूभोवती आखलेली असते. धड आणि मांडी जिथे जोडली जाते, तो हा बिंदू. आधी माणसाचा खुबा कुठे येणार ते ठरतं, मग स्टीअरिंग, पायातले पेडल, आरसे यांच्या जागा ठरतात. भोसरीतला टर्नर मायक्रॉनमध्ये माप धरतो. तोच सकाळी ज्या सायकलवर बसतो, तिची सीट दुकानदाराने नजरेच्या अंदाजाने घट्ट केलेली असते.

सुरुवात उंचीपासून करू. अनवाणी, भिंतीला पाठ लावून उभे राहा. जाड पुस्तक दोन पायांमध्ये घट्ट वर ओढून धरा आणि त्याच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत मोजा. समजा 80 सेंटिमीटर भरले. अमेरिकन शर्यतपटू ग्रेग लेमाँड आणि त्याचे फ्रेंच प्रशिक्षक सिरिल गिमार यांच्या सूत्राप्रमाणे त्याला 0.883 ने गुणायचं: 70.6 सेंटिमीटर. पेडलचे दांडे, म्हणजे क्रँक, ज्या आसाभोवती फिरतात, त्याच्या मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंत हे अंतर ठेवायचं. आता दुसरा मार्ग पाहा. 1967 मध्ये हॅम्ली आणि थॉमस या इंग्रज संशोधकांनी प्रयोगशाळेतल्या सायकलवर माणसं बसवून निष्कर्ष काढला की खालच्या टोकाला असलेल्या पेडलपासून सीटपर्यंतचं अंतर पायाच्या मापाच्या 109 टक्के असावं. आपल्या उदाहरणात ते 87.2 सेंटिमीटर येतं. पहिल्या उत्तरात 17 सेंटिमीटरचा क्रँक मिळवला तर 87.6. एक माप शर्यतीच्या रस्त्यावरून आलं, एक प्रयोगशाळेतून, आणि फरक फक्त चार मिलिमीटरचा! मला हे फार सुंदर वाटतं. माणसाच्या पायातच ते माप आधीपासून असावं आणि दोघांनी ते दोन बाजूंनी शोधून काढावं, असं.

चार मिलिमीटर क्षुल्लक वाटतील. पण पिंपरी-चिंचवडची इंडो ॲथलेटिक सोसायटी पंढरपूरची सायकल वारी काढते, त्या वारीतल्या स्वाराचा हिशेब करा. ताशी 22 किलोमीटरने दहा तास, मिनिटाला 80 फेरे. एका दिवसात प्रत्येक गुडघा 48,000 वेळा वाकतो आणि सरळ होतो. सीट खाली असेल तर गुडघा प्रत्येक फेऱ्यात जास्त दुमडतो आणि वाटीच्या पुढच्या बाजूला दुखायला लागतं. वर असेल तर गुडघ्यामागची शीर ताणली जाते, कंबर डावी-उजवी डुलते. म्हणून सूत्राने आलेलं माप ही सुरुवात समजा आणि तिथून तीन-तीन मिलिमीटरने पुढे-मागे जाऊन पाहा. सीटपोस्टवर इलेक्ट्रिकल टेपची खूण केली की परत येता येतं.

सीट पुढे-मागे किती सरकवायची, यावर जुनी पद्धत ओळंब्याची. क्रँक आडवे ठेवून पुढच्या गुडघ्याच्या वाटीखालून ओळंबा सोडायचा, तो पेडलच्या आसावर पडला की झालं. सायकली बनवणाऱ्या कीथ बाँट्रेगरने फार पूर्वीच दाखवून दिलं की या नियमाला यंत्रशास्त्राचा आधार नाही. झोपून चालवायच्या रिकंबंट सायकलीवर ओळंबा कुठेही पडतो, तरी गुडघे शाबूत राहतात. माझं मत बाँट्रेगरच्या बाजूने आहे. सीट मागे-पुढे केल्याने मुख्यतः तोल बदलतो. सायकल जागेवर धरून ठेवणाऱ्या ट्रेनरवर ती लावून नेहमीच्या जोराने पेडल मारा आणि हात हँडलवरून अलगद उचला. धड लगेच पुढे कोसळत असेल, तर इतका वेळ तुमचे हात तुम्हाला धरून होते.

इथेच आराम आणि ब्रेक यांची गाठ पडते. करंगळी आणि अनामिका बधिर होण्याची तक्रार लोणावळ्याहून सायकलने परतणाऱ्या अनेकांच्या तोंडी असते. तळहाताच्या बाहेरच्या बाजूने जाणारी अल्नर नस सतत दबते, म्हणून असं होतं. पुष्कळ वेळा मूळ सीटमध्ये असतं. बसायला त्रास होतो म्हणून सीटचं नाक खाली झुकवलं जातं, अंग पुढे घसरतं आणि सगळा भार मनगटांवर येतो. त्यापेक्षा सीटची रुंदी तपासा. खोक्याच्या नालीदार पुठ्ठ्याचा तुकडा कडक खुर्चीवर ठेवून त्यावर बसा. बैठकीच्या दोन हाडांचे खळगे उमटतात, त्यांच्यातलं अंतर मोजून सीट निवडता येते. ज्या हातांवर धडाचा भार आहे, त्या हातांना ब्रेक बेताने दाबता येत नाही. आधी त्यांना मोकळं करावं लागतं.

आता थांबण्याकडे येऊ. पुढचा ब्रेक दाबला की माणूस हँडलवरून उडतो, हे आपल्याला लहानपणी शिकवलं जातं आणि मोठेपणी ते बोटांतून जात नाही. गणित काय सांगतं ते पाहा. स्वार आणि सायकल मिळून 85 किलो, कोरडा डांबरी रस्ता, वेग ताशी 36, म्हणजे सेकंदाला दहा मीटर. ब्रेक लागल्या क्षणी वजन पुढच्या चाकावर सरकतं. मागचं चाक हलकं होतं आणि हलक्या चाकाची रस्त्यावर पकड उरत नाही. त्यामुळे नुसता मागचा ब्रेक दाबला तर सायकल सुमारे 21 मीटरवर थांबते. पुढचा ब्रेक मागचं चाक उचललं जाण्याच्या सीमेपर्यंत दाबला तर सुमारे दहा मीटरवर. निम्मं अंतर!

ती सीमाही आपण सरकवू शकतो. ती दोनच गोष्टींवर ठरते: वजनाचा मध्य जमिनीपासून किती वर आहे आणि पुढच्या चाकाच्या टेकण्याच्या जागेपासून किती मागे. ब्रेक मारताना कोपर वाकवून धड खाली नेलं आणि कंबर सीटवर दहा सेंटिमीटर मागे सरकवली, तर आणखी दीड-दोन मीटर वाचतात. मात्र हँडल इतकं लांब असेल की कोपर आधीच ताठ आहेत, तर मागे सरकायला हातात लांबीच उरत नाही. अशा वेळी हँडलला सायकलशी जोडणारा 100 मिलिमीटरचा स्टेम काढून 80 चा बसवणं ही माझ्या मते ब्रेकचीच सुधारणा आहे.

बोटांचंही तेच. रोड बाईकच्या वाकड्या हँडलवर वरून ब्रेक दाबला तर लिव्हर बिजागरीजवळ ओढला जातो. हँडलच्या खालच्या वळणात हात नेले की बोटं लिव्हरच्या टोकाकडे पडतात, तितक्याच जोरात जास्त काम होतं आणि धडही आपोआप खाली येतं. जानेवारी 2026 मध्ये आपल्या जिल्ह्यात 437 किलोमीटरची पुणे ग्रँड टूर झाली. अशा शर्यतींत उतारावर स्वारांचे हात कुठे असतात ते पाहण्यासारखं असतं. हात लहान असतील तर लिव्हर लांब वाटतो, आणि बहुतेक नव्या लिव्हरना तो जवळ आणणारा एक बारीक स्क्रू असतो. तो आहे हेच पुष्कळांना कोणी सांगितलेलं नसतं.

डिस्क की रिम, हा वाद मला फार ताणावासा वाटत नाही. रिम ब्रेक म्हणजे बासष्ट सेंटिमीटर व्यासाची तबकडीच. चौदा-सोळा सेंटिमीटरच्या छोट्या डिस्कला तेवढ्याच परिणामासाठी चार-पाचपट जोर लागतो, तो तेलाच्या दाबातून मिळतो. डिस्कचा खरा फायदा पावसात आणि घाटात. ओल्या रिमवर रबरांना आधी पाणी पुसावं लागतं, मग पकड येते. घाटाचं तर विचारूच नका. खंडाळ्याहून खोपोलीपर्यंतचा सुमारे पाचशे मीटरचा उतार 85 किलो वजनाने उतरला तर जी ऊर्जा मोकळी होते, तिच्यात सव्वा लिटर पाणी उकळेल. त्यातला बराच वाटा वारा उचलतो. ब्रेक सतत घासत हळूहळू उतरलात तर वाऱ्याचा वाटा कमी होतो आणि तीच उष्णता रिमला सोसावी लागते. म्हणून सरळ उतारावर सायकल मोकळी सोडावी, वळणाआधी दोन्ही ब्रेक ठामपणे दाबावे आणि पुन्हा सोडून द्यावे.

जुन्या रिम ब्रेकांची सायकल असेल तर ती विकायच्या आधी नवी ब्रेक-वायर, नवं आऊटर आणि चांगली रबरं घालून पाहा. रबरांत रुतलेले ॲल्युमिनियमचे कण टोकदार सुईने काढा, नाहीतर ते रिम कापत राहतात. डिस्क असेल तर चेनला तेल घालताना तबकडी झाका. तेलाचा एक शिंतोडा पॅड वाया घालवतो.

आणि टायर. 85 किलोंचा सगळा भार रस्त्याला टेकतो तो प्रत्येक चाकाखालच्या सात-आठ चौरस सेंटिमीटर जागेवर. तळेगाव चौकात, आंबेठाण चौकात ट्रेलरमधून सांडलेलं डिझेल आणि बारीक खडी असते. पहिल्या पावसात त्यावर ती जागा कशी वागते, हे इथल्या प्रत्येक दुचाकीवाल्याला माहीत आहे. फ्रेममध्ये मावत असेल तर 25 ऐवजी 28 मिलिमीटरचं टायर घाला आणि हवा थोडी कमी ठेवा. खडबडीत रस्त्यावर उडणारं चाक ब्रेक घेऊ शकत नाही.

शेवटी एक तपासणी, तीही आजच करा. आपल्या मोटरसायकलींचा आणि स्कूटरचा पुढचा ब्रेक उजव्या हाताला असतो. काही रोड बाईक युरोप-अमेरिकेच्या पद्धतीने जोडलेल्या येतात, त्यांचा पुढचा ब्रेक डाव्या हाताला असतो. अचानक समोर काही आलं की हात सवयीनेच चालतो, म्हणून दुकानदाराकडून तो उजवीकडे करून घ्या. मग गुरुवारी, कारखान्यांच्या सुट्टीच्या दिवशी, एमआयडीसीतला एखादा कोरडा, रिकामा रस्ता गाठा. हेल्मेट घालून, कमी वेगापासून सुरुवात करा, कंबर मागे घ्या आणि पुढचा ब्रेक दरवेळी थोडा जास्त दाबून पाहा. किती मीटरवर थांबता ते पावलांनी मोजा.